वाचलेलं आणि लक्षात घेतलेलं

(मराठी भाषा गौरव दिनानिमित्त २७ फेब्रुवारी २०२५ रोजी आपल्या सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना काही ठिकाणी थोडी भर घातली आहे.)



एरवी मी तुमच्यासमोर उभा राहतो तो वार्षिक सर्वसाधारण सभेत. विषय असतो सिंकिंग फंड, नाहीतर पाण्याचा टँकर. त्यामुळे मी माइक हातात घेतल्याबरोबर काही मंडळींनी घड्याळाकडे पाहिलं, ते मला दिसलं. काळजी करू नका, आज मेंटेनन्सबद्दल एक अक्षरही बोलणार नाही.

सेक्रेटरी साहेब पंधरा दिवसांपूर्वी घरी आले. म्हणाले, "काका, गेल्या ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. यंदा आपलं रौप्यमहोत्सवी वर्षही आहे. तेव्हा अभिजात पुस्तकं वाचून माणूस बहुश्रुत कसा होतो, यावर तुम्ही बोला. तुमच्याइतकी पुस्तकं बिल्डिंगमध्ये कोणी वाचलेली नाहीत."

मी हो म्हणालो आणि मग अडचणीत सापडलो. कारण 'तुमच्याइतकी पुस्तकं' या शब्दांमागे एक फजिती आहे. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

आपल्याला पझेशन मिळालं २००० साली. मी तेव्हा मुंबईत एका सरकारी कचेरीत कामाला होतो. गिरगावात चाळीत राहत होतो तोवर ऑफिसला चालत जायचो. इथे डोंबिवलीला आल्यावर जाऊन-येऊन अडीच तास गाडीत. आमच्या डब्यात पुढच्या बाजूला भजनी मंडळ, मागे रमीवाले. मी मधल्या बाकावर, बहुतेक वेळा चौथ्या सीटवर, अर्धा आत अर्धा बाहेर, आणि हातात पुस्तक. निवृत्त झालो २०१२ साली. ही बारा वर्षं मी वाचत होतो. खिशात एक छोटी डायरी असायची. पुस्तक संपलं की त्यात नाव, लेखक आणि तारीख टाकायची. निवृत्तीच्या दिवशी मोजली, तेव्हा चारशे बारा पुस्तकं भरली होती. ऑफिसच्या निरोप समारंभात साहेबांनी हा आकडा जाहीर केला, टाळ्या पडल्या. सत्यनारायणाला येणाऱ्या पाहुण्यांनाही मी ती डायरी दाखवत असे, हे इथल्या जुन्या लोकांना आठवत असेल.

पुढच्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी घरी आली. तेव्हा ती आठवीत होती, आता पुण्यात नोकरी करते. तिला शाळेत हरिभाऊ आपट्यांवर माहिती लिहायची होती. मी डायरी काढली. बोट फिरवत फिरवत सापडलं: 'पण लक्षात कोण घेतो', सप्टेंबर २००३. म्हटलं, "हे बघ, वाचलंय."

"यात काय आहे काका?"

मी सांगायला लागलो. हरी नारायण आपटे, मराठी कादंबरीतलं मोठं नाव. १८९० साली त्यांनी 'करमणूक' सुरू केलं, त्यात ही कादंबरी क्रमशः येत होती. त्या काळच्या स्त्रियांची दुःखं...

"ते पुस्तकाच्या मागेच लिहिलंय. गोष्ट काय आहे?"

मंडळी, मला गोष्ट आठवेना. नायिका यमू, एवढं आठवलं. तिचं पुढे काय झालं, नवरा कसा होता, ती कुठे राहत होती, काही म्हणता काही आठवेना. मी चष्मा पुसला, पाणी प्यायलो. ती मुलगी भली, ती हसली नाही. पण जाताना दारात तिने सहज विचारलं, "मग काका, तुम्ही वाचलंत कशाला?"

पुढे दोन-तीन दिवस मी डायरी घेऊन एकेका नावावर बोट ठेवत बसलो आणि स्वतःची परीक्षा घेतली. चारशे बारापैकी ज्यांच्याविषयी मला पाच वाक्यं सलग बोलता येतील अशी पुस्तकं निघाली एकतीस. बाकीची गाडीत चढली होती आणि गाडीतच उतरली होती.

'बहुश्रुत' हा शब्द आपण सहज वापरतो. त्याचा अर्थ पुष्कळ वाचलेला असा नाही, तर पुष्कळ ऐकलेला असा आहे. पूर्वी लोक ऐकून शहाणे होत. माझी आजी कोकणात होती, तिला सही करता येत नव्हती. पण चातुर्मासात देवळात पोथी लागायची आणि तीच पोथी दरवर्षी लागायची. आजी घरी येऊन आज काय झालं ते आम्हाला सांगायची, आणि सांगताना मध्येच थांबून म्हणायची, "हे काही मला पटत नाही हो." तेच ऐकायचं, त्याच्याशी भांडायचं, पुन्हा पुढच्या वर्षी ऐकायचं. आजीने आयुष्यात ऐकले असतील दोन किंवा तीन ग्रंथ. पण माझ्या चारशे बारांपेक्षा ती जास्त बहुश्रुत होती, असं आज मला वाटतं.

मग मी ठरवलं की नवी पुस्तकं थोडी थांबवायची. जुनी, काळाच्या परीक्षेत उतरलेली पुस्तकं काढायची, सावकाश वाचायची आणि वहीत लिहायचं. कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी लाँगबुक आणलं. पहिलं पुस्तक अर्थातच 'पण लक्षात कोण घेतो'.

पहिले सहा महिने माझी वही म्हणजे नुसता सुविचारांचा फळा झाला होता. आवडलेलं वाक्य आलं की ते सुंदर अक्षरात उतरवायचं. नाहीतर गाइडमध्ये असतो तसा सारांश लिहायचा. पुन्हा उघडून पाहिलं तर त्यात लेखक होता, मी कुठेच नव्हतो. दुसऱ्याची वाक्यं उतरवून हात दुखला, एवढीच कमाई.

मग हळूहळू एक पद्धत बसत गेली, ती सांगतो. कुणाला उपयोग झाला तर पाहा.

एक प्रकरण वाचलं की पुस्तक मिटायचं. मिटूनच लिहायचं, उघडायचं नाही. काय घडलं ते चार-पाच ओळींत, आपल्या रोजच्या भाषेत. आठवलं नाही तर तसं लिहायचं, "विसरलो." दुसरं, वाचताना आपण कुठे अडलो ते लिहायचं. कशाचा राग आला, कुठे डोळ्यांत पाणी आलं, कुठे कंटाळा आला. थोर पुस्तकाचा कंटाळा आला हे लिहायला सुरुवातीला मला भीती वाटायची, आता वाटत नाही. तिसरं म्हणजे हे वाचून आपल्या आयुष्यातलं काय आठवलं, ते लिहायचं. हा भाग सगळ्यात अवघड, आणि तो कुणाला दाखवायचा नसतो. शेवटचं म्हणजे फक्त उजव्या पानावर लिहायचं. डावं पान कोरं सोडायचं. तिथे पुढे कधीतरी, दुसऱ्या वाचनाच्या वेळी लिहायचं. हे डावं पान फार महत्त्वाचं आहे. त्याचीच गोष्ट मी पुढे सांगणार आहे.

या रीतीने यमूची गोष्ट पुन्हा वाचली. ती सगळी कहाणी यमू स्वतः सांगते. सव्वीस वर्षांचा एक पुरुष पुण्यात बसून एका मुलीच्या तोंडून तिचं बालपण, लग्न, मुंबईत नवऱ्याबरोबरचे थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य आणि जबरदस्तीने झालेलं केशवपन सांगतो. संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात जोराचा वाद चालला होता, तेव्हाची ही गोष्ट. तो कायदा १८९१ साली झाला आणि वयाची मर्यादा दहावरून बारावर आली. दहावरून बारा! हे लिहिताना माझ्यासमोर ती आठवीतली मुलगी आली. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. मी वहीत लिहिलं, "यमू आमच्या दुसऱ्या मजल्यावर राहते एवढी लहान होती." त्यानंतर मला ते पुस्तक कधी विसरता आलेलं नाही.

आणि पुस्तकाचं नावच एक प्रश्न आहे. २००३ साली मी ते डायरीत लिहिलं, तारीख टाकली, आणि लक्षात काही घेतलं नाही.

आता डाव्या पानाची गोष्ट. ही सांगण्याआधी मी आमच्या हिची परवानगी घेतली आहे. ती पहिल्या रांगेत बसली आहे, तेव्हा मला फारशी भर घालता येणार नाही.

२०१४ साली मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचली. बहुतेकांना माहीत असेल, शाळेच्या पुस्तकात त्यातला एखादा उतारा आपण वाचलेला असतो. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नाहीत, लहानपणी लग्न झालं, अक्षरं शिकल्या त्या लग्नानंतर. यजमान रेव्हरंड नारायण वामन टिळक, मोठे कवी. बाईंनी साठी ओलांडल्यावर लिहिलेलं हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं. घरात अठराविश्वे दारिद्र्य, पण बाई स्वतःच्या फजितीवर असं हसतात की आपणही हसतो, आणि पान उलटल्यावर आपल्याला एकदम गलबलून येतं.

टिळक मनस्वी. कधी उठून कुठे निघून जातील, हातातले पैसे कुणाला देऊन टाकतील, नेम नाही. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तोही पत्नीला आधी न सांगता. पुढे काही वर्षं दोघं वेगळी राहिली. शेवटी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या आणि १९०० साली त्यांनीही तो धर्म स्वीकारला.

२०१४च्या वहीत उजव्या पानावर मी लिहिलं आहे, "टिळक केवढा निःस्पृह माणूस! मनाला पटलं ते केलं, कुणाची पर्वा केली नाही. असा निर्णय घ्यायला वाघाचं काळीज लागतं." खाली रेघ मारून, "मीही आयुष्यातले निर्णय असेच एकट्याने, धडाडीने घेतले. उदा. डोंबिवलीची जागा." पुढे उद्गारचिन्ह.

चार वर्षांनी, २०१८च्या उन्हाळ्यात पुस्तक पुन्हा काढलं. या वेळी का कोण जाणे, टिळकांपेक्षा बाईंकडे लक्ष गेलं. नवऱ्याचा निर्णय झाला आणि तो तिला नंतर कळला, त्या वेळचे तिचे दिवस. धर्म कोणता हा माझा मुद्दा नाही. आपल्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ठरून गेली आणि ती आपल्याला ठरल्यानंतर कळली, एवढाच मुद्दा. वाचून झालं, पुस्तक मिटलं, डाव्या पानावर लिहायला घेतलं, आणि समोर उजव्या पानावर माझीच ओळ. "उदा. डोंबिवलीची जागा."

ती जागा अशी घेतली होती. १९९८ साली एका शनिवारी ऑफिसातल्या मित्राबरोबर मी इथे आलो. तेव्हा इथे नुसता खड्डा होता आणि बोर्ड. मित्राने टोकन दिलं, मीही दिलं. येताना पेढे घेतले आणि घरी जाऊन जाहीर केलं, "डोंबिवलीला जागा घेतली!" आई खूश झाली, चाळीत सगळ्यांना पेढे वाटले. आमची ही तेव्हा गिरगावात एका बालवाडीत शिकवत होती, घरापासून पाच मिनिटांवर. १९८९ पासून शिकवत होती. इथे आल्यावर आईचं वय झालेलं, जाण्यायेण्यात अडीच तास, तेव्हा तिने बालवाडी सोडली. 'हिने आपणहून सोडली' असं मी वीस वर्षं सगळ्यांना सांगत होतो, आणि माझी तशी खरोखरच समजूत होती.

डाव्या पानावर मी त्या दिवशी एकच ओळ लिहिली, "हिला विचारलं होतं का?" आणि उठून स्वयंपाकघरात गेलो.

ती भाजी निवडत होती. मी विचारलं, "अगं, आपण ही जागा घेतली तेव्हा तुला काय वाटलं होतं?"

तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "आज काय वाचताय?"

मी म्हटलं, "स्मृतिचित्रे."

"तरीच," ती म्हणाली. "मी तीनदा वाचलंय ते. लक्ष्मीबाईंना सगळं मागाहून कळलं. मला निदान पेढा तरी मिळाला."

मग ती बोलली. वीस वर्षांत एकदाही बोलली नव्हती. म्हणाली, त्या दिवशी पेढा हातात घेऊन मी मनात हिशेब केला की आता बालवाडी गेली. पण सासूबाई इतक्या आनंदात होत्या, तुमचा चेहरा एवढा उजळलेला, मग पेढा खाल्ला. शेवटच्या दिवशी मुलांनी घोटीव कागदाची माळ करून घातली, ती माळ्यावर ट्रंकेत आहे, तुम्ही कधी पाहिली नसेल. जागा वाईट आहे असं मी म्हणत नाही, अहो. या घराने आपल्याला पुष्कळ दिलं. पण मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. आणि ते हो माझं असतं.

मी आधी या भाषणात लिहिलं होतं की मग मी हिची माफी मागितली. परवा तिला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "ते वाक्य काढा. तुम्ही माफी मागितली नाहीत. तुम्ही चहा केलात. चहात साखर घालायची विसरलात, तेही सांगा." तेव्हा तसं सांगतो. मी चहा केला, आणि तो तिने तसाच प्यायला.

त्यानंतर महिन्याभराने, जुलै २०१८ पासून, सोसायटीच्या ऑफिसात शनिवारी दुपारी गोष्टींचा तास सुरू झाला. तुमची मुलं त्याला जातात. करोनाच्या काळात तो बंद पडला होता, नंतर पुन्हा सुरू झाला. 'काकूंना मुलांची हौस आहे' एवढंच तुम्हाला माहीत होतं. तो का सुरू झाला हे आज पहिल्यांदा सांगतोय. कमिटीकडे ऑफिसची जागा मागायला मी गेलो होतो, पण या वेळी आधी हिला विचारून गेलो होतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी स्मृतिचित्रे कशाला वाचायची? बायकोला असंही विचारता आलं असतं. खरं आहे. पण वीस वर्षांत मला ते सुचलं नाही. पहिल्या वाचनातही सुचलं नाही, उलट मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. वहीत लिहिलेलं होतं म्हणून मला चार वर्षांनी माझीच चूक माझ्याच अक्षरात वाचायला मिळाली. लिहिलं नसतं तर 'मी तेव्हाही असंच समजत होतो' असं म्हणून मोकळा झालो असतो. आपली आठवण आपल्या बाजूने साक्ष देते, वहीला तसं करता येत नाही.

वहीचा एक धोकाही सांगतो. ती तक्रारवही होऊ शकते. २०१६ साली आमच्या बाथरूमच्या गळतीचं प्रकरण झालं, ते सगळ्यांना माहीत आहे. वरच्या मजल्यावरचे शेजारी इथेच आहेत, ते हसत आहेत, म्हणजे हरकत नाही. त्या प्रकरणावर मी वहीत सहा पानं लिहिली. वर्षाने वाचली, तर सहा पानांत ते काय म्हणत होते त्याची एकही ओळ नाही. सगळीकडे मीच बोलतोय. लक्ष्मीबाई स्वतःवर किती हसतात, आणि मी सहा पानांत एकदाही स्वतःवर हसलो नाही. त्या दिवसापासून नियम केला की भांडणाबद्दल लिहायचं असेल तर आधी समोरच्याची बाजू लिहायची, त्याला पटेल अशी. त्यानंतर आपली लिहायला फारसं काही उरत नाही, असा अनुभव आहे.

काही जण म्हणतात, जुनी भाषा कळत नाही. मलाही सगळी कळत नाही. त्यावर उपाय म्हणजे मोठ्याने वाचणं. ओवी, अभंग हे कानासाठीच रचलेले आहेत, डोळ्यांनी अडलेलं कानाने पुष्कळदा सुटतं. ज्ञानेश्वरी असेल तर सार्थ प्रत घ्या, अर्थ शेजारीच असतो. गद्य हवं असेल तर विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' घ्या. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेत गेला आणि नेमका बंडात सापडला. झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला. कुठे जेवायला मिळालं, कुठे लुटलं गेलो, जीव कसा वाचला, हे सगळं तो ओसरीवर बसून सांगावं तसं सांगतो. आणि हे त्याने लिहिलं केव्हा? जवळपास पंचवीस वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांनी आग्रह केला म्हणून. पुस्तक छापलं गेलं ते गोडसे भटजींच्या निधनानंतर, १९०७ साली. वैद्यांनी आग्रह धरला नसता तर झाशीची ती हकीगत वरसईतच विरून गेली असती.

आपल्यालाही पंचवीस वर्षं झाली. पहिल्या पावसात तळमजल्यात गुडघाभर पाणी शिरलं, तेव्हा कुणी कुणाच्या आईला उचलून वर आणलं. मीटर बसेपर्यंत आपण किती दिवस मेणबत्तीवर काढले. हे कुणी लिहिलं आहे का? आपल्यातले जे गेले, त्यांच्याबरोबर त्यांच्या गोष्टीही गेल्या. म्हणून माझी विनंती आहे, विशेषतः ज्येष्ठांना. मोठं पुस्तक नको, वहीची दोन पानं लिहा. शुद्धलेखनाची भीती बाळगू नका. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक अख्खा समास घातला आहे, एकोणिसाव्या दशकातला पहिला. त्यात अक्षर कसं वळणदार असावं, शाई, कागद, समास कसे असावेत, पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत एकाच लेखणीने लिहिल्यासारखं कसं दिसावं, हे सगळं सांगितलं आहे. लिहिणं हे हाताचं काम आहे, स्वयंपाकासारखं, रोज केलं की जमतं. ते काही थोरामोठ्यांनीच करायचं असतं असं नाही.

तरुण मंडळींना एकच सांगणं. वर्षाला पन्नास पुस्तकांचा संकल्प सोडू नका. मी चारशे बारावाला आहे, माझं ऐका. वर्षाला तीन किंवा चार जुनी, कसाची पुस्तकं घ्या. रोज वीस मिनिटं वाचा, दहा मिनिटं लिहा. ते जमलं नाही तर आठवड्यातून दोनदा करा. मोबाइलवर लिहिलंत तरी चालेल, पण डाव्या पानाची सोय ठेवा, म्हणजे पुढे काही वर्षांनी त्याच मजकुराशेजारी लिहिता आलं पाहिजे. आणि पुस्तक दुसऱ्यांदा वाचायला लाजू नका.

शेवटी एक हिशेब सांगतो, कारण जन्मभर कारकुनी केली आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे इसवी सन १२९०. अठरा अध्याय, ओव्या नऊ हजारांच्या थोड्या वर. रोज एक ओवी धरली, फक्त एक, तर पूर्ण व्हायला पंचवीस वर्षांना थोडे दिवस कमी लागतात. म्हणजे २००० साली किल्ली हातात घेतली त्या संध्याकाळी आपल्यापैकी कुणी रोज एक ओवी वाचायला आणि तिच्यावर एक ओळ लिहायला सुरुवात केली असती, तर यंदा रौप्यमहोत्सवाबरोबर त्याची ज्ञानेश्वरीही पूर्ण झाली असती. वेळ नव्हता असं कुणी म्हणू शकणार नाही. लिफ्टची वाट पाहण्यात आपण त्याहून जास्त वेळ घालवला आहे.

मी ते केलं नाही. मी तेव्हा पुस्तकं मोजत होतो. या १ जानेवारीपासून मात्र आम्ही दोघांनी सुरू केलं आहे. सकाळच्या चहाच्या वेळी ती ओवी वाचते, मी अर्थ वाचतो, मग वहीत दोघांची एकेक ओळ. आज अठ्ठावन्नावी झाली. हिशेबाने पूर्ण होईल तेव्हा मी पंच्याण्णव वर्षांचा असेन. हिला विचारलं, "एवढं जमेल का?" ती म्हणाली, "उद्याची ओवी उद्या बघू. या वेळी विचारलंत, हे बरं केलंत."

ऑफिसातल्या कपाटात मी आज सांगितलेली पुस्तकं ठेवली आहेत, आणि शेजारी वीस कोऱ्या वह्या. वह्या फुकट आहेत, पुस्तकं परत करायची आहेत. चावी वॉचमनकडे मिळेल.